ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड

माझ्या गळ्यातला टाक बघून घरात नवी आलेली सून हमखास विचारते, "आजी, हा कुठला देव?" मी म्हणते, देव न्हवं गं, माझी बहीण हाय ती. मग ती हसते, म्हातारी चेष्टा करते म्हणते. तिचं तरी काय चुकलं? त्या टाकावर आता ना नाक राहिलंय ना डोळे. चिंचेच्या कोळानं नि रिठ्यानं धुऊन धुऊन, पदरानं पुसून पुसून त्याचं नुसतं सोन्याचं गुळगुळीत पान झालंय.

हल्ली ही चाल कमी झाली, म्हणून आधी तेवढं सांगते. आमच्याकडं पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक बांधायचे. टाक म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढं सोन्याचं पान, आणि त्याच्यावर उभी बाई ठोकलेली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. बांगड्या भरल्या, आधी तिला दाखवायच्या. सणाचा घास आधी तिला. नाहीतर मेलेली कोपते आणि दुसरीचं पोर जगू देत नाही, असं म्हणायचे. याला सवतीचा टाक म्हणत. माझ्या गळ्यातली सवत म्हणजे माझी सख्खी अक्का.

आमचं माहेर कोडोलीचं. आबा गावचे सोनार. ओसरीवर त्यांची शेगडी, ऐरण, फुंकणी, चिमटे, आणि मागच्या भिंतीला खुंटीवर दोऱ्यांचा झुबका. त्या झुबक्यातला एकेक दोरा म्हणजे एकेका बाईचं माप. गळ्याचं माप घेतलं की आबा दोऱ्याला गाठ मारत आणि खुंटीला अडकवत. कुठला दोरा कुणाचा ते त्यांना बघताक्षणी कळायचं. आम्ही मुद्दाम एखादा ओढून विचारायचो, "आबा, ही कोण?" मान वर न करता म्हणायचे, "पाटलाची थोरली. मान आखूड हाय, ठुशी दाटती तिला."

दागिना कसा बसावा याचं त्यांना भारी वेड. ठुशी गळ्याला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. साज गळ्याच्या खळीखाली दोन बोटं. पाटली मनगटावर फिरावी पण हात खाली सोडला तर पंजावर येऊ नये. दागिना न्यायला आलेल्या बायकांना दम भरायचे, "बोरमाळंला कढत पाणी लावशीला तर माझ्याकडं येऊ नकासा. आत लाख हाय, इरघळून जाईल. कोमट पाणी, रिठा, मऊ फडकं. आन् निजताना काढून ठेवा की, नवरा काय माळ बघून झोपतोय?" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आबा हसत नसत. ते माळच बघत असत.

एकदा दसऱ्याला आबांनी आम्हां दोघी बहिणींना कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला नेलं होतं. सणाचे सगळे दागिने देवीच्या अंगावर. मोहरांची माळ, कवड्यांची माळ, चिंचपेटी, साज. गर्दी इतकी की अक्कानं मला काखेत धरून वर उचललं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कशी दिसत हुती आई?" आबा म्हणाले, "साजाचं एक पान उलटं फिरलं हुतं. कासवाचं. कुणाचं ध्यान न्हाय."

"आवं, तोंड कसं हुतं इचारतीया मी."

"तोंड काय. तोंडासारखं तोंड."

आई कपाळाला हात लावून बसली. आम्ही पोरी पोट धरधरून हसलो. पुढं तेच आठवून किती रडावं लागणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

अक्काचं लग्न कोल्हापुरातल्या सोनाराच्या घरात झालं. दाजी गुजरीत, म्हणजे तिथल्या सोनारपेठेत, पेढीवर बसायचे. महाराजांचं राज्य, शाहूपुरीत नवा व्यापार वाढत होता, गुळाचा पैसा खेळत होता, त्यामुळं गुजरीत गिऱ्हाईक तुटत नव्हतं. आबांनी अक्कासाठी साज स्वतः केला. एकेक पान हातानं उठवलं. चंद्र, बेलपान, मासा, शंख, भुंगा. तिच्या मापाचा दोरा खुंटीवर सगळ्यांत वर. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा साजाचा फासा, मानेमागची अडकवण, ढिला झाला होता. परत जायच्या वेळी गाडी दारात उभी, आणि आबा तिला पाठमोरी उभी करून फासा चिमट्यानं आवळत होते. "झालं, जा," म्हणाले. ती वळून पाया पडली तेव्हा ते चिमटा पुसत होते.

त्यानंतर त्यांनी तिला पाहिलं नाही.

कारण त्यापुढच्या वर्षी गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. आधी उंदीर पडले, मग माणसं. कोल्हापूर रिकामं झालं, लोक माळावर खोपटी घालून राहिले. अक्का, दाजी, सासू, आणि सासरीच जन्मलेली अक्काची तान्ही मुलगी एका खोपटात. काखेत गाठ आली आणि अक्का गेली. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा तिला जाळूनही झालं होतं. आबा निघाले, नाक्यावर शिपायांनी अडवलं, गावात जाऊ देईनात. ते संध्याकाळपर्यंत तिथंच बसले आणि परत आले. आल्यावर शेगडी पेटवली आणि अर्धी राहिलेली कुणाची तरी बुगडी पुरी केली. आई ओरडली, "तुमाला काळीज हाय का न्हाय?" आबांनी बुगडी पुसून बाजूला ठेवली.

साथ ओसरल्यावर अक्काची सासू तान्हीला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. बसली, पाणी प्याली आणि सरळ बोलली. "इवाईबुवा, पोरीला आई पायजे. दुसरी आणली तर ती सवतीच्या पोरीला काय बघणार? धाकटी द्या. मावशी ती आईच की."

मला तेव्हा बारावं तेरावं असेल. मी दाराआड उभी होते. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? तान्ही माझ्याकडं बघून हात पुढं करत होती. आईनं डोळे पुसले आणि मान हलवली. ज्यांना मी दाजी म्हणत आले, त्यांना आता नाव न घेता हाक मारायची, एवढंच मला त्या वेळी कळलं.

उठता उठता सासू म्हणाली, "टाक आमी करून घिऊ. आमच्या पेढीवर ठसा हाय."

आबा एकदम म्हणाले, "न्हाय. माझ्या लेकीचा टाक मी करणार. आन् ठशावर न्हाय."

ठसा म्हणजे काय ते सांगते. पितळेच्या जाड ठोकळ्यात उभी बाई खोल कोरलेली असते. सोन्याचा पातळ पत्रा त्याच्यावर धरायचा, वर शिसं ठेवायचं आणि हातोडी मारायची. पत्र्यावर बाई उमटते. आबांकडं असा ठसा त्यांच्या आज्यापासूनचा होता. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावांत जेवढ्या बायका बाळंतपणात, तापात, विहिरीत गेल्या, त्या सगळ्या त्या एकाच ठशातून निघाल्या. तेच नाक, तेच डोळे, तोच कमरेवरचा हात. आबांनी असे किती टाक ठोकले असतील, आणि कधी त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. आता मात्र हट्टाला पेटले. "माझी पोर त्यात घालणार न्हाय. तिचं तोंड तिचंच उठवणार."

सासूनं बघितलं, हा माणूस ऐकायचा नाही. म्हणाली, "करा बाबा. पर हळदीच्या दिवशी सकाळी टाक तयार पायजे. टाक गळ्यात पडल्याबिगर पोरीला हळद लागायची न्हाय."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात लग्नाची तयारी म्हणून दुसरं काही झालं नाही.

आबांनी आधी तांब्याच्या पत्र्यावर हात बसवला. राळेच्या गोळ्यावर पत्रा चिकटवायचा आणि बारीक पोलादी कलमांनी ठोकत ठोकत आकार उठवायचा; हे काम त्यांच्या हातचं होतं. पण टाक नखाएवढा, त्यात उभी बाई, म्हणजे तोंड केवढं? ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यात अक्का कशी बसवायची? पहिला झाला तो आईनं हातात घेतला आणि म्हणाली, "ही तर देवी झाली." दुसरा झाला. "ही तुमची आई." आणखी एक झाला तो आईनं उजेडात धरला आणि म्हणाली, "आवं, ही खालच्या आळीची पाटलीण की वो! तिला जित्तीच मारलासा." मला हसू फुटलं. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी तोंडावर हात दाबला.

मग त्यांनी आम्हांलाच विचारायला सुरुवात केली. "तिच्या हनवटीवर तीळ हुता न्हवं?"

आई म्हणाली, "हुता की. उजव्या अंगाला."

मी म्हणाले, "डाव्या."

"जलम मी दिला आन् तू मला सांगतीस व्हय गं?"

"मी तिच्याजवळ निजायची. माझ्याकडच्या अंगाला हुता."

"तू कुठल्या अंगाला निजायचीस?"

ते मला आठवेना. कधी भिंतीकडं, कधी दाराकडं. आम्ही दोघी भांडत राहिलो आणि आबा कलम हातात धरून एकदा आईच्या तोंडाकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मला तिच्या गळ्याचं माप ठाव हाय. मनगटाचं ठाव हाय. करंगळीचं बी ठाव हाय. तोंडाचं माप मी कधी घ्यातलंच न्हाय." आणि खुंटीवरचा वरचा दोरा काढून त्यांनी मुठीत धरला. आईनं चुलीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर तिळावरून आम्ही भांडलो नाही.

फोटो? कोल्हापुरात फोटो काढणारा होता तेव्हा. दाजींनी एकदा अक्काला न्यायचं ठरवलंही होतं म्हणे, पण सासू म्हणाली, तरण्या बाईचं आयुष्य कमी होतं त्यानं. आयुष्य जायचं ते गेलंच, फोटो मात्र काढायचा राहिला.

लग्न तोंडावर आलं तसे आबा मला म्हणाले, "चल, हुपरीला जायचं." हुपरीत चांदीचं काम तेव्हा नुकतं मूळ धरत होतं. तिथं ठसे कोरणारा एक म्हातारा मुसलमान कारागीर होता, आबांच्या ओळखीचा. सगळे त्याला चाचा म्हणत. आबांच्या मनानं घेतलं होतं की आपला हात थकला, चाचा कोरील. बैलगाडीनं एवढी वाट. मला का नेतात ते मला कळत नव्हतं. वाटेत कोल्हापूर लागलं तेव्हा गाडीवानानं विचारलं, "पावणं, देवीला जायाचं?" आबा म्हणाले, "न्हाय. तिचं बी तोंड बघितलं न्हाय मी."

चाचानं गूळपाणी दिलं. आबांनी सगळं सांगितलं. चाचा डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "सांगा, कशी होती बच्ची?"

आबा सांगायला लागले. गळा सडपातळ. साज खळीखाली दोन बोटं बरोबर बसायचा. मनगट बारीक, पाटली एक गहूभर लहान लागायची. कानाची पाळी जाड, कुडी घट्ट व्हायची. नाकाचं भोक जरा वर, त्यामुळं नथ ओठावर टेकायची नाही.

चाचानं डोळे उघडले. "सोनारदादा, ही तर मापं झाली. ह्यावरनं मी दागिना करीन. तोंड कसं करू?"

आबांनी मला दंडाला धरून पुढं ओढलं. "ही बघा. धाकटी. लोक म्हणतात दोघी सारख्या दिसतात. हिचं कोरा."

म्हणजे मला नेलं होतं ते ह्यासाठी! चाचा माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली, तर तो म्हणाला, "वर बघ बाळे." बघितलं. त्याच्या भुवया पांढऱ्या आणि डोळ्यांत पाणी होतं. वयानं का कशानं कोण जाणे. मग तो आबांना म्हणाला, "लगीन कुणाचं हाय?"

"हिचंच."

"आन् टाक कुणाच्या गळ्यात बांधणार?"

आबांनी माझा दंड सोडला.

"दादा, जित्या पोरीचं तोंड मेलीच्या नावानं कोरायचं आन् तिच्याच गळ्यात बांधायचं? रोज हिनं सोताच्या मढ्याला निवद दाखवायचा? माझ्या हातनं न्हाय व्हायचं. तुमच्याबी हातनं नका करू." आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मेलेल्यांना तोंड नसतं म्हणून तर ठसा केलाय माणसानं."

आबा उठले आणि गाडीकडं चालायला लागले. परतीच्या वाटेत मी त्यांच्याशेजारी बसले होते आणि ते माझ्याकडं बघत होते. जन्मात पहिल्यांदा असं सरळ, नीट बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, मला नको ते लग्न म्हणतील. पण ते माझ्यात तिला शोधत होते. सापडली नाही, तसं त्यांनी बैलांकडं तोंड केलं.

हळदीच्या दिवशी सकाळी पाहुणे आले, वाजंत्री लागली, बायका ओसरीत जात्याला हळकुंड बांधत होत्या. मी पाटावर बसायला थांबले होते. आबांनी सोन्याचा पत्रा घेतला, फडताळातून ठसा काढला, वर शिसं ठेवलं आणि हातोडी मारली. ठक्, ठक्. एवढंच. मग कडा कातरल्या, कडी लावली आणि मला हाक मारली. टाक बांधताना माझ्या गळ्याचं माप त्यांनी घेतलं नाही. खुंटीवरचा अक्काचाच दोरा होता तो. मला जरा सैल झाला. गाठ आवळून त्यांनी बसवला.

एवढं झालं म्हणून आबांनी तो ठसा कुठं फेकून दिला वगैरे नाही बरं का. माझ्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत एक जोतिबाच्या डोंगराकडचा शेतकरी दुसरी बायको घेऊन आला, आबांनी त्याच ठशावर टाक ठोकून दिला. आई सांगायची.

माझा संसार झाला. वाईट झाला म्हणणार नाही, माणूस शांत होता. पण जेवताना कधी माझ्याकडं बघून घास थांबायचा त्यांचा, आणि मग पाणी प्यायचे. ते मला बघत होते का तिला, हे विचारायची सोय नव्हती. अक्काचा साजही माझ्याच गळ्यात. सणाला घालायचे. आबांच्या मापानं तो खळीखाली दोन बोटं बसायला हवा, माझ्यावर तीन बोटं उतरायचा. बसवून घ्या म्हटलं असतं तर आबांनी घेतला असता. मी म्हटलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही.

अक्काच्या पोरीला मी लहानपणापासून सांगितलं, ही तुझी आई. टाक दाखवून. काय करणार, दुसरं दाखवायला होतं काय? रोज आंघोळ झाली की ती टाकाला कुंकू लावायची, नमस्कार करायची. आरशासमोर उभी राहून टाक आपल्या तोंडाजवळ धरायची आणि म्हणायची, "माझं नाक आईसारखं हाय न्हवं?" मी म्हणायची, व्हय. "आन् डोळं?" डोळं बी.

ती सहासात वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला मी तिला घेऊन शेजारच्या आळीत गेले होते. आरास, कैरीची डाळ, पन्हं. बायकांत एक कोडोलीकडचीच, नुकती लग्न होऊन आलेली बाई बसली होती. मी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला आणि पोरगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या गळ्यातला टाक हातात धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "माझी आई तुझ्याकडं कशी?"

ती बाई हसली. "तुझी आई न्हवं गं पोरी. ही माझी सवत. मागल्या साली गेली."

"न्हाय. ही माझी आई हाय. हे बघ नाक."

बायका हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "अगं, एकाच सोनाराच्या घरचं दिसतंय. ठसा एक, मग बायका एकच की!" पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग माझ्याजवळ आली, माझा टाक धरला, पुन्हा तिकडं गेली, तो धरला. दोन्ही टाकांवर अंगठा फिरवला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. तीळ होता हनवटीला, असं तरी. पण कुठल्या बाजूला ते मला त्या वेळीही सांगता आलं नसतं.

घरी येताना तिनं हात सुटा ठेवला. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर तिनं टाकाला कुंकू लावलं नाही. मी म्हटलं, "आईला कुंकू लाव बाळे." ती म्हणाली, "ती आई न्हाय. ती सगळ्यांची हाय." तिनं पुन्हा कधी लावलं नाही. सणाचा घास दाखवायची वेळ आली की ती उठून परसात जायची.

आबा गेले, आई गेली. दाजी गेले. पोरगीही तिच्या बाळंतपणात गेली. जावयानं दुसरी केली आणि त्या दुसरीच्या गळ्यात टाक बांधला, पेढीवरच्या ठशाचा. मी तो बघायला गेले नाही.

आता अक्काचं तोंड आठवायचं म्हणून मी डोळे मिटले, तर मला काय दिसतं सांगू? दसऱ्याच्या गर्दीत काखेत धरून वर उचललेली मी, आणि खाली तिच्या केसांतला भांग. तेवढाच. तोंड वर करून तिनं माझ्याकडं बघितलंच नाही तेव्हा. ती देवीचा साज बघत होती.